हळदीचं ताट

त्या वैशाखात काका माझ्याशी गोड बोलू लागले, तेव्हाच मला संशय आला. एरवी ते मला हाकसुद्धा मारत नसत. नगरच्या मिशनच्या शाळेतून मी सुट्टीला आले की आईला विचारत, "मडम आल्या का?" आणि विषय तिथंच संपे. त्या वर्षी मात्र मी बैलगाडीतून उतरले तर ते स्वतः ओट्यावरून खाली आले. "दमली असंल, पाणी दे गं तिला," असं वहिनीला म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला जड वाटला.

माझे वडील नगरला एका वकिलाकडे कारकून होते. त्यांच्या हौसेनं मी इंग्रजी शाळेत गेले. ते वारल्यावर आई आणि माझी धाकटी बहीण गावी काकांच्या आश्रयाला आल्या. मी मात्र बोर्डिंगातच राहिले, कारण शाळेच्या मडमांनी माझी फी माफ केली होती. काका गावचे पाटील. त्यांच्या घरात ते, त्यांचा मुलगा, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि आता या दोघी. सुट्टीत मी त्यात भर घाली. मी फार बोलत नसे. कोपऱ्यात बसून बघत असे. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक बरंच बोलून जातात, हे मला लहानपणीच कळलं होतं.

आमचं गाव सीना नदीच्या काठावर, निजामाच्या हद्दीत. पलीकडचा काठ इंग्रजांचा. तिकडं लहान मुलींची लग्नं लावायला बंदी करणारा कायदा झाला, तेव्हापासून आमच्या गावाला बरकत आली होती. उन्हाळ्यात नदीला पाणी नसे. पलीकडच्या गाड्या पात्रातून सरळ आमच्या बाजूला चढत. जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई नव्या लुगड्यांच्या घड्या उलगडून बघत, थोडं कुरकुरत आणि सोडून देत. मग आमच्या आमराईत मांडव पडे, वाजंत्री वाजे, आणि चिंचोके खेळण्याच्या वयाची एखादी पोर नवरी होऊन संध्याकाळच्या आत परत जाई. भटजी खूश, वाजंत्री खूश, आमराई काकांची म्हणून काकाही खूश. ते पाहुण्यांना हसत सांगत, "कायद्याला पवता येत न्हाई बगा."

"पण नदीला पाणीच नाही," असं माझ्या ओठांवर येऊन परत गेलं.

तर त्या वर्षी घरात काहीतरी शिजत होतं. आई माझ्या नजरेला नजर देत नव्हती. वहिनी बोलता बोलता मी आले की गप्प होई, आणि वहिनी गप्प होणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. ओट्यामागच्या खोलीला कुलूप होतं. मला वाटलं, हे माझ्यासाठी. मी सतरा वर्षांची होते. गावातल्या बायका माझ्याकडे न विकलेल्या कालवडीकडे बघावं तशा बघत. मी मनाशी ठरवलं, की विचारलं तर नाही म्हणायचं. रोज सकाळी तोंड धुताना मी ते पुटपुटून बघत असे. आवाज फुटत नसे.

मग कासार आला. त्यानं ओट्यावर पेटी उघडली आणि हिरव्या बांगड्यांचे जुडगे बाहेर काढले. मी दाराआडून बघत होते. त्यानं काढलेल्या बांगड्या इतक्या लहान होत्या की माझ्या अंगठ्याच्या हाडावरच अडकल्या असत्या. वहिनीनं हाक मारली आणि माझी बहीण धावत आली. ती बारा वर्षांचीसुद्धा नव्हती. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि कासारानं ते हातात घेऊन दाबून पाहिले, भाकरीचं पीठ पाहावं तसे.

त्या दुपारी मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"काकांनी ठरवलंय," ती म्हणाली.

"कुणाशी?"

"नगरकडचं हाय. मुलाचा बाप मामलेदार कचेरीत अव्वल कारकून हाय. चांगलं घर हाय."

"आणि मी थोरली असताना?"

आईनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "ते म्हंतेत, थोरली साळंत गेली ती गेलीच समज."

काकांचा गोडवा मला तेव्हा समजला. मी आडवी येऊ नये म्हणून तो होता. मला थोडं बरंही वाटलं, की मी आडवी येऊ शकते असं कुणाला तरी वाटतं. मी ओट्यापर्यंत गेले. काका सुपारी कातरत बसले होते. त्यांनी वर बघून विचारलं, "काय गं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीबरोबर नदीवर धुणं धुवायला गेले. पात्रात एकच डोह उरला होता. वहिनी धारूरकडची, बालाघाटच्या डोंगरातली. नवव्या वर्षी या घरात आली होती, आणि आता घरातलं सगळं तिच्या शब्दावर चाले. मला तिचा भरवसा नव्हता. मी आईशी बोललेलं संध्याकाळी काकांच्या कानावर गेलेलं असे, आणि मधे वहिनीशिवाय दुसरं कुणी नसे.

"वन्सं, तोंड कावून पाडलंय?" तिनं लुगडं दगडावर आपटत विचारलं.

मी इकडं तिकडं बघितलं. "तिकडं कायदा आहे," मी म्हणाले.

"हाय की. म्हणून तर इकडं येतेत सगळे."

"आता कायद्यात बदल झालाय. तिकडचा माणूस इथं येऊन लग्न लावून गेला, तरी परत गेल्यावर त्याला धरता येतं. शाळेत बाईंनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं."

वहिनीचे हात थांबले. "खरं?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजी? हाय का न्हाई?"

बाईंनी वाचलं तेव्हा वर्गात मोठा गलबला झाला होता. बोलक्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक बाकावर चढून म्हणाली, आता बघू कोण हात लावतो ते. मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी विचार करत होते, की कचेरीत जाऊन तक्रार कोण करणार? जिचं लग्न आहे ती? तिचा बाप? कायदा पुस्तकात बसलेला असतो, त्याला कुणीतरी उठवावं लागतं. टाळ्या वाजवणाऱ्या मुलींना त्याची गरज नव्हती. त्या तशाही आपापल्या बापांशी भांडल्या असत्या. गरज होती ती गप्प बसणाऱ्यांना, आणि त्यांच्याच्यानं त्याला उठवणं होत नव्हतं.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "आहे. खरं आहे."

वहिनी हसली. "आन कायद्यानं काय हुतंय वो? मला नववं साल लागलं आन इथं आणून टाकलं. मेले का मी? ज्याच्या तोंडात जीब हाय त्यानं बोलावं. तुमच्या तोंडात हाय का? तुमाला चा पायजे का म्हणलं तरी खाली बघता."

मी खाली बघत होतेच. धुणं पिळताना तिनं एकदम विचारलं, "कचेरीतल्या माणसाची नोकरी बी जाती का हो त्यात?"

"तुरुंगात गेला तर जाणारच."

"अस्सं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी मी वाट बघत बसले, की काका आता मला बोलावतील आणि खडसावतील. त्यांनी बोलावलं नाही. वहिनीनं सांगितलं नव्हतं. मला त्याचाच जास्त संशय आला.

लग्नाच्या दिवशी दुपारी पलीकडून गाड्या आल्या. नवरदेव पंधरा-सोळा वर्षांचा, उन्हानं लाल झालेला, सारखं नाक पुसणारा मुलगा होता. त्याचे वडील गोरे, नेटके, डोक्याला काळी टोपी, बोलताना प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. त्यांचा जानवसा, म्हणजे उतरायची जागा, मारुतीच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत होता. पाहुण्यांना पाणी द्यायला वहिनीचा भाऊ धारूरहून आला होता, विशीच्या आतला, उंच आणि लाजाळू. तो घागरी उचलताना कुणाच्या वाटेत येत नसे.

आमच्याकडे हळद अशी लागते: आधी नवरदेवाला लावतात, आणि त्याच्या अंगची उरलेली, उष्टी हळद ताटात घालून नवरीकडे पाठवतात. ती आली, की तीच नवरीला लावायची. ते ताट दारात येईपर्यंत मुलगी मोकळी असते. एकदा हळद अंगाला लागली, की मग मुलीचं मागं फिरणं नाही. त्या दिवशी ताट संध्याकाळी येणार होतं.

पण त्याआधी रुखवत. आम्ही बायका लाडू, करंज्या, चिवडा अशा टोपल्या डोक्यावर घेऊन जानवशात गेलो. रुखवत मांडताना नवरीकडच्या बायका गाणी म्हणतात आणि त्यात व्याही-विहिणीला वाटेल ते बोलतात. त्यांच्या पोटाला, नाकाला, घराण्याला. रागवायचं नाही, हा नियम. बाकीच्या दिवशी तोंडावर पदर घेणाऱ्या बायका त्या अर्ध्या तासात पाटलालाही सोडत नाहीत.

वहिनी पुढे होती. आधी तिनं विहीणबाईंच्या नथीला धरलं, मग नवरदेवाच्या नाकाला. हसू उसळलं. मग ती व्याह्यांकडे वळली आणि तिनं सूर लावला:

"आले आले व्याही बाई, कचेरीचे कारभारी,
मागं मागं कायदा येतो, पुसत दारोदारी.
इहीणबाई, पोटभर खा गं, लाडू घे गं वाटीत,
उद्या तुजा कारभारी गं सरकारच्या कोठडीत."

बायका हसल्या. व्याहीही हसले, आणि मधेच त्यांचं हसू थांबलं. त्यांच्या हातात करंजी होती. ती त्यांनी ताटात परत ठेवली.

"हे कुठलं नवं गाणं?" त्यांनी घसा साफ करून विचारलं.

"नवा कायदा तसं नवं गाणं, दादा," वहिनी म्हणाली. "आमच्या थोरल्या वन्सं नगरास्नं घिऊन आल्यात. इंग्रजी साळंतल्या हायेत, इचारा की."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे फिरली. मी खांबाला टेकून उभी होते. वहिनीनं मला पुढे ढकललं की माझा बळी दिला, हे मला कळेना. व्याही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. मोठ्या माणसाच्या नजरेतली भीती मी तोवर जवळून पाहिली नव्हती.

"काय ऐकलंस तू, पोरी?"

"कायदा आता हद्द बघत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "माणूस कुठला ते बघतो."

त्यांनी हात धुतले. आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन परत आलो. वाटेत कुणी गायलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. माझी बहीण पाटावर बसली होती, हिरव्या बांगड्या मोजून मोजून वाजवत. आई दाराच्या उंबऱ्याशी. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. भटजी दोनदा येऊन गेले. ताट येईना. शेवटी आला तो काकांचा मुलगा, धावत.

"त्येंनी गाड्या जुपल्यात!"

काका पागोटं सावरत धर्मशाळेकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता. ओट्यावर उभं राहून ते सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडले, "एका गाण्यापायी! बायांच्या गाण्यापायी गेले माघारी! व्याही म्हंतोय, पाटील, नोकरी ऱ्हायली तर पोराला पोरगी मिळंल. पुढल्या साली बगू म्हंतोय, पोरगी मोठी झाल्यावर."

मी आत भिंतीशी उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला व्याह्यांचा विचार येत होता. त्यांना माझी बहीण लहान वाटली नव्हती. त्यांना फक्त आपली नोकरी दिसली होती. हा कायद्याचा विजय म्हणावा, तर त्यात माझ्या बहिणीचं नावही कुठं नव्हतं.

तेवढ्यात काका म्हणाले, "मांडव रिकामा उटवायचा न्हाई. लई वंगाळ असतंय ते." पाहुण्यांनी माना हलवल्या. रिकामा मांडव उठला तर त्या घरातल्या मुलीला पुन्हा स्थळ येत नाही, असं आमच्याकडे मानतात.

आणि दाराआडून वहिनीचा आवाज आला. "मामंजी, माजा भाऊ हाय की. धारूर आपल्याच सरकारात हाय. तितं कसला कायदा?"

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. नदीवरचा तिचा प्रश्न मला आठवला, नोकरी जाते का. आणि काकांना न सांगणं. तिचा भाऊ अंगणात घागर खांद्यावर घेऊन उभा होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं, एवढं मला त्याच्याकडे बघून पटलं. तिच्याबद्दल मला काहीच पटेना.

काकांचा चेहरा उजळला. "मंग झालं की! भटजी, बगा मुहूर्त."

पाटावर माझी बहीण बांगड्या वाजवायची थांबली होती. नवरा बदलला, एवढंच तिला समजलं होतं.

"चौदा," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी वहिनीच्या दंडाला धरलं. "चौदा होईपर्यंत नाही. तिकडच्या कायद्यात चौदा आहे."

"आवो वन्सं, तितं कायदा न्हाई म्हणलं ना आत्ता."

"म्हणूनच म्हणते. कायदा नाही, तर तू शब्द दे."

वहिनीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग हसली, तेच नदीवरचं हसू. "बरं. चौदा. माजा भाऊ काय पळून चाललाय?"

"सोळा," आई म्हणाली.

आईनं काकांसमोर तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पदर कपाळावर ओढला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती, पण आवाज ओट्यावर सगळ्यांना गेला.

"तू मदी बोलू नगंस," काका म्हणाले.

"तिचे वडील असते तर त्यास्नी म्हणला असता का, मदी बोलू नगंस?" आईनं भिंतीलाच विचारलं. "त्येंच्या जागी मी बोलती. आज मांडवात सुपारी फोडा. मांडव रिकामा जायचा न्हाई. लगीन सोळाव्या साली. न्हाईतर मी पोरीला घिऊन नदी वलांडते, तिकडं कचेरी हाय."

आई नदी ओलांडून कचेरीत गेली असती का? मला नाही वाटत. पण काकांना तसं खात्रीनं सांगता येईना. आधीच एक व्याही कचेरीला भिऊन पळालेला, आणि पाहुणे बसलेले.

"पंधरा," वहिनी म्हणाली, भाजीवालीशी घासाघीस करावी तशी.

"सोळा."

"बरं बाई, सोळा. घोडी हुईल तवर पोरगी."

सुपारी फुटली. जेवणं झाली. माझी बहीण रात्रभर रुसून बसली, कारण वाजंत्री वाजलीच नाही. मी तिला समजवायला गेले तर म्हणाली, "तुज्यामुळं झालं." ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला विचारलं, "तुला आधीपासून हे करायचं होतं ना? भावासाठी?"

"मला काय ठावं, वन्सं. मी गाणं म्हणलं."

"खरं सांग."

"तुमाला खरं सांगितलं तरी तुमी कुटं मानता?" ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात धारूरहून निरोप येई, की आता लग्न उरकून घ्या. नगरहून आले की लग्नाचं सामान ठेवायच्या त्या ओट्यामागच्या खोलीला कुलूप आहे का, ते मी आधी बघे. आई दरवेळी तेच उत्तर धाडी. वहिनी कुरकुरे, पण शब्दाबाहेर गेली नाही. का गेली नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला लाज होती, की आईची भीती, की तिच्या भावानंच थांबायला सांगितलं होतं? चांगल्या गोष्टीमागचं कारण कळलं नाही की ती गोष्ट मला पूर्ण चांगली वाटत नाही. हा माझा स्वभाव आहे.

यंदा बहीण सोळाची झाली. धारूरहून वहिनीचे वडील स्वतः आले. काका म्हणाले, आता आणखी काय राहिलं? आईनं हातातलं काम ठेवलं आणि माझ्या बहिणीला बाहेर बोलावलं, चार माणसांत.

"तुजं काय म्हणणं हाय?" तिनं विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न कुठल्याही मुलीला विचारल्याचं मला आठवत नाही. असा प्रश्न विचारा असं कुठला कायदा सांगत असेल, तर तो आमच्यापर्यंत आलेला नव्हता. बहीण पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मला वाटलं, ही माझ्यासारखीच आहे, आता "काही नाही" म्हणेल.

"वैनीचे भाऊ आजवर माज्याशी एक शब्द बोललेले न्हाईत," ती म्हणाली. "आदी येऊन बोलू द्या. मंग सांगते."

वहिनीचे वडील खदखदून हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी धारूरला निरोप गेला, मुलाला धाडा म्हणून.